नाव घातलेले मुद्गल

दसरा उलटून आठवडा झाला की नाशकात सकाळी अंगावर काटा येऊ लागतो. अंगणातल्या नळाचं पाणी हाताला झोंबतं, गल्लीत कुणाच्या तरी घरी चकलीची भाजणी भाजायला घेतलेली असते, आणि माझा उजवा खांदा उगाचच जड वाटू लागतो. हा खांदा कधीच दुखावलेला नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या एका दिवाळीत त्याला आंबेहळदीचा लेप लावून आठवडाभर बांधून ठेवलं होतं, ते तो अजून विसरलेला नाही.

यंदा सूनबाईने सकाळच्या चहाबरोबर विषय काढला. नातीचं, वृंदाचं, लग्न उन्हाळ्यात झालं. आता पहिला दिवाळसण.

"बाबा, समीररावांना काय द्यावं हो? अंगठी ते घालत नाहीत, घड्याळ आहे. त्यांना वेड एकच, व्यायामाचं. रोज पहाटे उठून तालमीत जातात म्हणे. मी म्हटलं, ते ताणायचं स्प्रिंगचं यंत्र मिळतं ते घेऊ, नाहीतर चांगले बूट. की सुक्या मेव्याची पेटी देऊ?"

"काहीही दे," मी म्हटलं. "फक्त त्यावर नाव घालू नकोस."

ती हसली. म्हाताऱ्याचं काहीतरीच, असं तिला वाटलं असणार.

खरं तर व्यायामाची आवड असलेल्या माणसाला दिवाळीला काय द्यावं, याची माहिती माझ्याइतकी या शहरात दुसऱ्या कुणाला नसेल. मला काय काय मिळालं ते ऐका. पहिल्या दिवाळीला मुद्गलांची जोडी, म्हणजे दोन हातांनी डोक्याभोवती फिरवायच्या जड लाकडी गदा. पुढे पितळेचे ओतीव डंबेल्स. मग लाल लंगोट, अर्धा डझन. एका वर्षी मालिशीच्या तेलाची तांब्याची बुधली. एका वर्षी बदाम उगाळायला खास सहाण आणि तिच्याबरोबर शेरभर बदाम. मग लेझीम. सगळं उत्तम, पारखून आणलेलं, मनापासून दिलेलं. त्यातलं एकही मी वापरलं नाही. बदाम खाल्ले. सहाणेवर हिने पोरांना वेखंड उगाळून चाटवलं. लंगोटांचं काय झालं ते विचारू नका.

मी तेव्हा इगतपुरीला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो, वय वर्षं बावीस. आमच्या घराण्याला देवाने रुंद खांदे दिले आणि त्यांच्याखाली घालायला काही द्यायचं विसरला. कोट चढवला की मी पैलवान दिसायचो, आणि काढला की कोटाच्या खुंटीसारखा. माझं लग्न जमवलं ते मामांनी. नाशकात भांड्यांचं दुकान असलेले एक कासार गृहस्थ होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. घर चांगलं, मुलगी हुशार, हुंड्याची भानगड नाही. अट एकच. व्यायाम न करणाऱ्याच्या घरात ते मुलगी देणार नव्हते. तात्यांनी स्वतः चाळीस वर्षं तालमीची माती अंगाला लावली होती. आजूबाजूच्या गल्ल्यांत कुणाचा हात निखळला, मान आखडली, तर माणूस डॉक्टरच्या आधी तात्यांच्या ओट्यावर यायचा.

मामा डोळ्याची पापणी न लववता म्हणाले, "मुलगा रोज दोनशे जोर आणि पाचशे बैठका काढतो."

परत येताना टांग्यात मी त्यांचा हातच धरला. "मामा, मी उभ्या जन्मात पाच बैठका काढल्या नाहीत."

"अरे, लग्न झाल्यावर कोण मोजायला बसतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. कोट तेवढा काढू नकोस."

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. त्या दिवाळीत उरलेले नऊ माझ्याच राशीला येऊन बसले. वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही दोघं टांग्यातून उतरलो. भांड्यांच्या गल्लीत सणाआधीची घाई होती. दोन्हीकडून ठोक्यांचा आवाज, एक थांबला की दुसरा सुरू, आणि पितळेच्या चकाकीने डोळे दिपत होते. तात्या दुकानाच्या फळीवर बसले होते. पंचावन्न वर्षांचे, पण बसलेले असतानाही उभे असल्यासारखे वाटायचे. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली ती मी अजून विसरलेलो नाही.

"काय जावईबापू, गाडीत अंग आखडलं असेल! आता पाच दिवस तुम्ही आमचे. बघू या इगतपुरीचं पाणी."

पाणी म्हणजे माझं. मी हसलो. त्या पाच दिवसांत मी फार हसलो, कारण बोलायची सोय नव्हती.

कोंडलेपण म्हटलं की लोकांना अंधारी खोली आठवते. मला आठवतं ते भरलेलं ताट. सकाळी उठलो की सासूबाई हातभर उंच पेला घेऊन उभ्या, त्यात दूध, तूप आणि वाटलेले बदाम. तो संपतो न संपतो तोच शिरा. जेवायला बसलं की लाडवावर लाडू. मी नको म्हटलं की त्या पदराआडून हसायच्या. "इश्श, पाचशे बैठकांच्या माणसाचं एवढ्याने काय होतंय!" मी पोटात दुखतं म्हणून सांगावं, तर पैलवानाच्या पोटात दुखत नाही. मी मागच्या दारी जाऊन दोन बोटं घशात घालून आलो आहे, आता सांगायला हरकत नाही. आणि ही, माझी बायको, इंदू, लग्नाला सहा महिने झालेली, माहेरच्या बायकांत अशी मिसळून गेली होती की दिवसा माझ्या वाट्याला तिचा आवाज तेवढा यायचा. स्वयंपाकघरातून ती हसायची आणि मला वाटायचं, ही मलाच हसते आहे. चोराच्या मनात चांदणं.

धनत्रयोदशीला तात्या मला हुसेनभाईंकडे घेऊन गेले. हुसेनभाई लाकूड कातायचे. पाटाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, आणि नाशकातल्या तालमींचे मुद्गल. तात्या आणि ते एकाच मातीत लहानाचे मोठे झालेले. दुकानाच्या कोपऱ्यात शिसवीचा एक मुद्गल उभा होता, दुसरा यंत्रावर आडवा, आणि लाकडाच्या कातऱ्यांचा तांबूस ढीग पायाशी. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"जोडी झाली हाय," हुसेनभाई म्हणाले. "मूठ तेवढी राहिली. मूठ ज्याच्या-त्याच्या हाताची पायजे. दाखवा हात, जमाईराजा."

मी हात पुढे केला. त्यांनी दोरा घेतला, माझा तळहात उघडला, अंगठ्याने दाबून पाहिला. मुद्गल फिरवणाऱ्याच्या तळहाताला बोटांच्या बुडाशी घट्टे पडतात. माझ्या हाताला मधल्या बोटावर टाकाचा एक घट्टा होता, तेवढाच. त्यांनी तोही पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतात.

"काय हुसेन, कसा आहे हात?" तात्यांनी दारातून विचारलं.

"अच्छा हाय, तात्या. लिहिणाऱ्याचा हात हाय. मूठ जरा बारीक ठेवतो."

तात्या मोठ्याने हसले. मीही हसलो. माझा सदरा पाठीला चिकटला होता.

तिथून आम्ही तालमीत गेलो. लाल माती नुकतीच खणून तेल-ताक घालून मळलेली होती, तिचा आंबूस थंड वास आत शिरताच नाकात भरला. मारुतीपुढे नारळ फोडून तात्यांनी जमलेल्या मंडळींना सांगितलं, "पाडव्याला नवी जोडी येतेय. आमचे जावईबापू फिरवणार." त्या तालमीचा रिवाज होता. नवे मुद्गल ज्याच्यासाठी कातले त्याने पाडव्याच्या सकाळी ते मारुतीसमोर पहिल्यांदा फिरवायचे, मग घरी न्यायचे. दहा-पंधरा जणांनी माझ्याकडे पाहिलं. खांद्याकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. कोट अंगावर होता.

त्या दिवशी रात्रीपर्यंत मी पळायच्या वाटा शोधत होतो. ताप आणावा तर येत नाही. ऑफिसातून तार आली म्हणावं तर तारवाला तात्यांच्या ओळखीचा. रामकुंडावर पाय घसरला म्हणून पडावं असा विचार करून मी तिथवर गेलो आणि पायरीचा दगड बघून परत आलो. खरं सांगून टाकावं असंही मनात आलं. पण खरं सांगितलं तर मी एकटा तोंडघशी पडणार नव्हतो. तात्यांनी गावभर सांगितलं होतं. ही त्या घरची मोठी लेक. पुढचा सगळा जन्म तिला माहेरच्या उंबऱ्यात "फसवून गळ्यात बांधली" हे ऐकत यावं लागलं असतं. मामांना नाकावर एक गुद्दा मारावा असं फार वाटायचं, पण तेही जमण्यासारखं नव्हतं.

नरक चतुर्दशीच्या पहाटे पाट मांडला. थंडी अशी की दात वाजत होते. चुलाण्यावर पाणी उकळत होतं, तेलात उटण्याचा वास मिसळला होता. एरवी न्हावी येतो, पण तात्या म्हणाले, "छे छे, पैलवानाला मालीश पैलवानानेच करायची." आणि धोतर खोचून ते माझ्यामागे बसले. मला सदरा काढावा लागला. मामांनी सांगितलेली एकच गोष्ट, तीही हातची गेली. मी डोळे मिटून घेतले. पणतीच्या उजेडात माझ्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

तात्यांचे हात पाठीवर फिरू लागले. मानेपासून खाली, मग दंडावर. दंड त्यांच्या चिमटीत मावत होता. एवढा बोलका माणूस, त्या पहाटे अक्षर बोलला नाही. मग त्यांचा अंगठा माझ्या उजव्या खांद्याच्या सांध्यात रुतला आणि मी ओरडलो, "आई गं!"

हात थांबला.

"लचकलाय का?" तात्यांनी विचारलं.

बुडत्याला काडी मिळावी तसा मी तो शब्द धरला. "हो. चार दिवस झाले. जोर काढताना."

"मग आधी नाही का सांगायचं," ते म्हणाले. "इंदू, आंबेहळद उगाळ. आणि जुन्या धोतराची पट्टी आण."

त्यांनी खांदा असा बांधला की मला हात हलवता येईना. लेप वाळून ताणायचा, त्याखाली खाज सुटायची आणि खाजवायला जागा नव्हती. डाव्या हाताने लाडू खाताना मला मनातल्या मनात फार हुशारी वाटली. सुटलो, असं वाटलं. सुटलो नव्हतो, हे कळायला पाडवा उजाडावा लागला.

पाडव्याला ओवाळणी झाल्यावर तात्यांनी जोडी माझ्यापुढे ठेवली. काळसर शिसवी, तेल पाजून तुकतुकीत. मुठीच्या खाली, जिथे मानेचा निमुळता भाग संपतो, तिथे दोन्हींना पितळेचं कडं. ते कडं तात्यांनी स्वतःच्या हाताने बसवलं होतं. कासाराच्या घरात भांडं द्यायचं तर त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून द्यायचं, त्याशिवाय ते दिल्यासारखं वाटत नाही. कड्यावर लिहिलं होतं, "चि. रघुनाथ यांस दिवाळसणानिमित्त". नुसती जोडी असती तर मी ती कुणाला देऊन टाकली असती, हरवली असती, जाळली असती. नाव घातलेली वस्तू कुणाला देणार? ती माझ्या मागे येणार होती आणि मला हाक मारत राहणार होती.

तालमीत तात्यांनी मंडळींना माझा बांधलेला खांदा दाखवला. "जावईबापूंचा सांधा भरून आलाय. पुढल्या वर्षी बघू." मग मारुतीला हात जोडून त्यांनी ती जोडी स्वतः उचलली आणि फिरवली. पंचावन्न वर्षांचा माणूस, पाय रोवून उभा. एक मुद्गल पाठीमागून वर यायचा तेव्हा दुसरा खाली उतरायचा, आणि दर फेरीला कड्यावर झरोक्यातलं ऊन पडायचं. माझं नाव त्यांच्या डोक्याभोवती फिरत होतं आणि मी हात गळ्यात बांधून बघत उभा होतो. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. झाल्यावर त्यांनी जोडी घडी घातलेल्या पंचावर अलगद आडवी ठेवली आणि पुसून माझ्या स्वाधीन केली.

भाऊबीज करून आम्ही निघालो. गाडीत जोडी गोणपाटात गुंडाळून बाकाखाली ठेवली होती. गाडी वळली की ती घरंगळून माझ्या टाचेला लागायची. देवळाली गेल्यावर डबा थोडा रिकामा झाला आणि माझा धीर संपला.

"इंदू," मी म्हटलं, "मी कधीच व्यायाम केलेला नाही. मामा खोटं बोलले. खांदाही दुखत नाही."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"बघायला आलात तेव्हापासून. पोहे खाऊन उठताना तुम्ही जमिनीला हात टेकलात. पाचशे बैठका काढणारा माणूस हात टेकून उठतो का? आमच्या घरातली मांजरंही हात टेकत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलं होतं कुणी?" मग म्हणाली, "आणि विचारलं असतं तरी हेच म्हटलं असतं. लहानपणापासून पहाटे चारला घरात शड्डू ऐकलेत मी. म्हटलं, एक घर असं असावं जिथे माणसं उजाडल्यावर उठतात."

मला इतकं हलकं वाटलं की मी गळ्यातली पट्टी सोडायला घेतली. तिने माझा हात धरला. "राहू दे. स्टेशनवर ओळखीचं कुणी भेटलं तर? अहो, एवढं करा. तात्यांना कधी कळू देऊ नका. त्यांनी तुमचं नाव घालून जोडी केलीय." पट्टी मी आठवडाभर बांधली. आमच्या दोघांचं खोटं आता एक झालं होतं. एकट्याला त्यातून पळता तरी आलं असतं.

इगतपुरीचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. चार महिने भिंती घाम गाळतात, चपलांना केस उगवतात, डाळीच्या डब्यात हात घातला की ओलसर लागतं. पहिल्याच आषाढात खुंटीखाली उभ्या केलेल्या मुद्गलांच्या मुठींवर पांढरी बुरशी चढली. फिरवलेल्या मुद्गलाला बुरशी येत नाही, हाताचं तेल त्याला पुरतं. आणि पाऊस ओसरला की तात्या दिवाळीचं आवतण द्यायला स्वतः येणार होते.

बुरशी बघून मला शरम वाटली आणि मी फिरवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी डाव्या हातातला मुद्गल मागून येऊन डोक्यावर बसला आणि टेंगूळ आलं. पाचव्या दिवशी हातच उचलेनात. मी म्हटलं, पाऊस थांबला की बघू. असं मी पुढे बरीच वर्षं म्हणत आलो.

एका दुपारी घरी लवकर आलो तर ती केसांना तेल लावून उठली होती. तळहातावर उरलेलं तेल ती पदराला पुसत नव्हती. मुद्गलापाशी उकिडवी बसून दोन्ही हातांनी मुठी चोळत होती, एक, मग दुसरी, नीट, वरपासून खालपर्यंत.

"हे काय?"

"तात्या येतील. मुठीवर हात फिरलेला दिसायला हवा ना."

"मी फिरवीन उद्यापासून," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि चोळत राहिली.

तात्या आले. चहा झाला, आणि ते सरळ खुंटीपाशी गेले. एक मुद्गल उचलून उलटा केला, बूड पाहिलं, मग मुठीवरून अंगठा फिरवला. मी खाली मान घालून उभा होतो, ही स्वयंपाकघराच्या दारात. मुद्गल परत ठेवून ते म्हणाले, "छान ठेवलीय जोडी." मी म्हटलं, "आपला आशीर्वाद." असं दर वर्षी झालं. गणपती उठले की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची, तात्या यायचे, मुद्गल उलटा करायचे, अंगठा फिरवायचे, तेच वाक्य बोलायचे. पाडव्याला तालमीत निघायची वेळ आली की दर खेपेला काही ना काही निमित्त निघायचं. "जावईबापूंना रात्रपाळी झालीय, राहू दे यंदा." "लेकरू आजारी आहे, त्यांना घरी थांबू दे." निमित्त तेच काढायचे आणि मी ते वरच्या वर झेलायचो. मग नवी भेट. नाव घातलेली.

दोन मुली झाल्या, मुलगा झाला. मुलींच्या वेण्या घालून झाल्या की हिचे तेलाचे हात मुठींवर फिरायचे, सवयीने, बोलता बोलता. मुठी काळ्या झाल्या, मग काळ्याच्याही पलीकडे गेल्या. शेजारचे लोक माझ्याकडे आदराने बघायचे. मला त्या खोलीत त्या जोडीकडे पाठ करून बसायची सवय लागली. काही दिवशी वाटायचं, उचलावी आणि दरीत फेकून द्यावी. पण नाव होतं ना. कुणीतरी आणून दिली असती.

तात्या गेले त्या वर्षीचा पाऊस संपत आला तेव्हा मी हिला म्हटलं, "आता कुणासाठी चोळतेस?"

"तुमचं नाव आहे त्यावर," ती म्हणाली. "बुरशी बरी दिसत नाही."

मग आम्ही नाशकात आलो, घर बांधलं, जोडी माळ्यावर गेली. तिथेही ती दर दिवाळीच्या साफसफाईला खाली यायची आणि हिचा हात लागून वर जायची. हिला जाऊन आता तीन वर्षं झाली.

काल वृंदा आणि समीर आले. मी सांगितलेलं सूनबाई विसरली असावी किंवा तिला तेच आठवलं असावं. तिने जोडी माळ्यावरून काढून घेतली. "बाबांचेच मुद्गल द्यावेत का समीररावांना? जुनी वस्तू, असं शिसव आता मिळत नाही." वृंदाने कडं पुसलं आणि मोठ्याने वाचलं. "आजोबा! तुम्ही पैलवान होता? आणि मूठ बघा कशी झालीय! किती वर्षं फिरवलेत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणायची मला पन्नास वर्षांची सवय. तोंड उघडलंही होतं.

समीरने मुद्गल हातात घेतला. फिरवला नाही. उलटा केला. बूड पाहिलं, मग मुठीवरून अंगठा फिरवला. माझ्या अंगावर काटा आला.

"आजोबा, राग मानू नका," तो चाचरत म्हणाला. "हे कुणी फिरवलेले नाहीत ना?"

"कशावरून?"

"फिरवणारा रोज ते जमिनीवर टेकवतो. बूड चेपतं, कडा उडतात. हे काल कातल्यासारखं आहे. आणि मूठ झिजते ती करंगळीच्या बाजूला, टोकाच्या गोळ्यापाशी. ही सगळीकडून सारखी आहे. हे नुसतं तेल आहे. कुणाचा तरी हात फार वर्षं फिरलाय यावर, पण तो फिरवणाऱ्याचा नाही. आमच्या तालमीतलं कुणीही बघताक्षणी सांगेल."

"नाही," मी म्हटलं. "मी एकदाही धड फिरवले नाहीत. तो हात तुझ्या आजेसासूचा." इतकी वर्षं जे बोलायला जीभ उचलत नव्हती ते चहा पिता पिता बोलून झालं. कुणाला फार काही वाटलंही नाही. वृंदा हसली, सूनबाई म्हणाली, बाई गं, आणि बशा उचलायला गेली.

मी मात्र तिथेच बसून राहिलो. चार वर्षं तालमीत जाणाऱ्या पोराला जे एका नजरेत दिसलं, ते चाळीस वर्षं मातीत लोळलेल्या माणसाला दिसलं नसेल? बूड ते दर वर्षी बघत होते. निखळलेले हात बसवणाऱ्या त्या बोटांना माझा खांदा कळला नसेल? लचकलाय का, हे त्या पहाटे मी म्हटलं नव्हतं. ते त्यांनी विचारलं होतं.

आणि मुद्गल खुंटीखाली ठेवताना ते दर वर्षी जे म्हणायचे, ते मला उद्देशून आहे असं समजून मी आशीर्वादाची भाषा करत राहिलो. खाली घातलेली मान एकदा वर करून पाहिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. तात्या माझ्याकडे बघत नसत. स्वयंपाकघराच्या दारात इंदू ओल्या हातांनी उभी असायची, आणि तिच्याकडे बघून ते म्हणायचे, "छान ठेवलीय जोडी."